आईच्या स्वेटरमधले छायाचित्र

आईची लाल शाल छायाचित्रात निळसर राखाडी का दिसत होती, हे शाल्मलीला कळेना. काल दुपारी याच कॅमेऱ्याने काढलेले मांजराचे छायाचित्र किती सुरेख आले होते! आज सकाळी पाचगणीच्या त्यांच्या गच्चीवर काढलेले मात्र फिकट, निळे होते आणि त्याच्या एका कोपऱ्यात चक्क पांढरे पट्टे उमटले होते.

"आजोबा, बिघडला का हो कॅमेरा?"

शाल्मलीचे आजोबा, यशवंतराव पोतनीस, तंत्रनिकेतनात रसायन तंत्रज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. जुने झटपट कॅमेरे (छायाचित्र जागच्या जागी कागदावर उमटवून बाहेर देणारे कॅमेरे) जमवण्याचा त्यांना छंद होता. पुस्तकासारखा मिटणारा एक, डब्यासारखा फुगीर एक, असे अनेक कॅमेरे त्यांच्या कपाटात होते. पण ते शोभेसाठी नव्हते. "वापरला नाही तर तो कॅमेरा नव्हे, पेपरवेट," असे म्हणत ते प्रत्येकाचे कागद बाहेर ढकलणारे रूळ ओल्या फडक्याने पुसत आणि पाळीपाळीने प्रत्येकाला बाहेर फिरवून आणत.

आज मात्र प्रश्न छंदाचा नव्हता. शाल्मलीची आई उर्मिला भूगर्भशास्त्रज्ञ होती. चंद्रावरच्या तळावर दीड वर्ष काम करण्यासाठी ती आजच निघणार होती. थोड्याच वेळात गाडी येणार होती. सोबत न्यायच्या वैयक्तिक सामानात तिने एका कागदी छायाचित्रासाठी जागा राखली होती.

"पडद्यावर हजारो फोटो असतील ना गं तिथे?" शाल्मलीने काल विचारले होते.

"असतील. पण त्या सगळ्या प्रती. या कागदावर आपल्या अंगावरून परतलेला उजेड स्वतः येऊन पडतो. असा कागद जगात एकच असतो."

आता कॅमेऱ्यात कोराही एकच उरला होता. पुढची पेटी कारखान्यातून पुढच्या महिन्यात यायची होती.

आजोबांनी कॅमेऱ्याला हात लावला आणि ते चमकले. "हा इतका गार कसा? मी तर काल टेबलावर ठेवला होता."

घरकामाचा यंत्रमानव खटपट्या पुढे सरसावला. "फिल्मच्या पेटीवर सूचना आहे: थंड जागी ठेवा. मी सूचना पाळली. कॅमेरा रात्रभर फ्रीजमध्ये भेंडीशेजारी सुरक्षित होता. सकाळी पुन्हा टेबलावर ठेवला."

"धन्य आहेस!" आजोबांनी कपाळाला हात लावला. "अरे, साठवताना थंड, वापरताना नाही!"

"मग आत्ताच फिल्म काढून हातात धरते, लवकर गरम होईल," असे म्हणत शाल्मलीने कॅमेऱ्याच्या झाकणाला हात घातला.

"थांब! उघडलंस की वरच्या कागदावर उजेड पडणार. आपल्याकडे दुसरा आहे का?"

तिने झटकन हात मागे घेतला. आजोबांनी पूर्ण कॅमेरा आपल्या शालीत गुंडाळून तिच्या कुशीत दिला.

"मी मदत करतो," खटपट्या म्हणाला. "माझ्या पोटातला पोळ्यांचा कप्पा साठ अंशांवर तापलेला आहे."

"साठ अंश! फोटो भाजायचाय का तुला? त्या तापमानाला फिल्म खराबच होईल. वीस-एकवीस अंश पुरेत."

"कप्पा थंड करतो," खटपट्या म्हणाला. तो पुरेसा निवल्यावर कॅमेरा पोटात घेऊन खटपट्या स्तब्ध उभा राहिला.

"पण आजोबा, थंडीने रंग का बदलतो?"

आजोबांनी बिघडलेले छायाचित्र उलटे धरले. "ही खालची पांढरी जाड किनार बघ. हिच्या आत एक चपटी पुडी असते आणि त्या पुडीत रासायनिक लगदा. कागद बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि लगदा थरांमध्ये पसरतो. थंडीत काकवी बाटलीतून कशी उतरते?"

"उतरतच नाही."

"तसंच. लगदा घट्ट झाला आणि कोपऱ्यापर्यंत पोचला नाही, म्हणून पट्टे."

"आणि निळेपणा?"

"ती खरी गंमत. कागदात तीन मुख्य थर असतात. एकाला निळा उजेड कळतो, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला लाल. त्यांच्यात रौप्य हॅलाइडचे (उजेड पडताच बदलणाऱ्या चांदीच्या क्षाराचे) कण असतात. प्रत्येक थराच्या खाली एकेक रंग बसलेला असतो: निळ्याखाली पिवळा, हिरव्याखाली किरमिजी, लालखाली आकाशी. लगदा पसरला की हे रंग सुटतात आणि वरच्या थराकडे निघतात. याला विसरण (कणांचे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणे) म्हणतात. पण जिथे उजेड पडलेला असतो, तिथली चांदी आपल्या खालच्या रंगाला पकडून ठेवते."

"म्हणजे उजेड पडला तिथला रंग अडकतो? हे तर उलटंच की!"

"उलटंच. आता शालीचा लाल उजेड कोणत्या थराला कळेल?"

"तिसऱ्याला. मग तिथला आकाशी अडकेल आणि पिवळा, किरमिजी वर येतील."

"त्यांची बेरीज?"

शाल्मलीने रंगपेटी आठवली. "लाल!"

"शाब्बास. थंडीत मात्र या सगळ्या हालचाली मंदावतात. तिन्ही रंगांचा तोल बिघडतो आणि चित्र फिकट, निळसर होतं."

खाली गाडीचा भोंगा वाजला. आई बॅग घेऊन गच्चीवर आली. "बाबा, झालं का हो? ड्रायव्हर थांबायला तयार नाही."

"खटपट्या, किती अंश?"

"एकवीस."

"मग काढ बाहेर, आणि बटण तूच दाब. उमे, उन्हाकडे तोंड कर."

तिघे कठड्याजवळ उभे राहिले. आईची लाल शाल, शाल्मलीचा पिवळा स्वेटर, आजोबांची पांढरी टोपी. घर्रर्र आवाज करत कागद बाहेर आला. शाल्मलीने तो हलवायला हात उचलला.

"झटकू नकोस! आत लगदा पसरतोय."

"पण इथे बाहेर गार आहे. हासुद्धा निळा पडेल." शाल्मलीने क्षणभर विचार केला आणि कागद आईच्या हातात ठेवला. "आई, शालीखाली स्वेटरच्या आत ठेव. अंगाला लागून. पाव तास काढू नकोस."

आई तिच्याकडे बघत राहिली. "अगं, तोवर मी घाटात असेन. तुला बघायला मिळणार नाही."

"माहीत आहे," शाल्मली म्हणाली. "तरी ठेव."

आईने कागद स्वेटरमध्ये सरकवला, तिला घट्ट जवळ घेतले आणि ती जिना उतरली.

पाव तासाने फोन वाजला. "काढते हं बाहेर," आईचा आवाज आला. "दाखवू का पडद्यावर?"

"नको, मीच सांगते. तुझी शाल लाल आली असेल, कारण आकाशी अडकला. माझा स्वेटर पिवळा, कारण हिरवा आणि लाल दोन्ही उजेड लागले, मग किरमिजी आणि आकाशी अडकले. आजोबांची टोपी पांढरी, तिथे तिन्ही अडकले."

"सगळं बरोबर," आई म्हणाली. "फक्त एक चुकलं. तू डोळे मिटलेस."

"अय्या! आणि आजोबा?"

"ते कॅमेऱ्याकडे नाही, तुझ्याकडे बघताहेत." मग ती हसली. "शाल्मले, तळावरून पृथ्वी दिसते म्हणे. तिचाही असा एक कागद काढता आला असता तर!"

फोन ठेवल्यावर शाल्मली कठड्याशी उभी राहिली. घाटाचा रस्ता उन्हात चकाकत होता.

"आजोबा, चंद्रावर तळाच्या बाहेर हवाच नाही. पुडी फुटली की लगद्यातलं पाणी उकळून जाईल ना?"

"जाईल. पाण्याशिवाय रंग वाहून नेईल असा लगदा कुणीतरी शोधायला हवा."

"दीड वर्ष पुरेल?" शाल्मलीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती आजोबांना ओढतच त्यांच्या प्रयोगाच्या खोलीकडे निघाली.