लेपाखालचा हिरवा दिवा

सांगलीजवळच्या त्या हळदीच्या कारखान्यात सोमवारी मशिनं सुरू व्हायच्या आधी बायका एकमेकींचे मोबाइल बघायच्या. "तुझं काय?" "हिरवं. तुझं?" "हिरवंच की!" पूर्वी ह्या वेळेला सासू आणि रिक्षाभाडं हे विषय निघायचे. आता छातीचा रंग निघायचा आणि त्यात कुणाला लाजबीज वाटत नव्हती. दाहपट्टीनं एवढं तरी चांगलं केलं, हे कबूल करायला हवं.

दाहपट्टी म्हणजे सरकारनं बायकांना वाटलेली, ब्राच्या आत बसवायची मऊ, पातळ चकती. ती कातडीतून मंद प्रकाश आत सोडायची, परत आलेला प्रकाश वाचायची आणि दोन गोष्टी सांगायची. स्तनात चरबी किती नि घट्ट ऊतक किती, ही एक. त्या ऊतकात दाह, म्हणजे वर न दिसणारी, आतल्या आत धुमसणारी सूज आहे का, ही दुसरी. घट्ट स्तन हा काही आजार नव्हे, कितीतरी बायकांचे तसे असतात. पण त्यांत कर्करोगाचा धोका जास्त. शिवाय क्ष-किरणांच्या फोटोत घट्ट ऊतकही पांढरं नि गाठही पांढरी, मग साखरेत सांडलेलं मीठ शोधावं तशी डॉक्टरांची गत. दाहपट्टी गाठ व्हायच्या कितीतरी आधीची धुमस पकडायची आणि मोबाइलवर दिवा लावायची. हिरवा, केशरी नाहीतर तांबडा. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं.

रोहिणी खराडेचा दिवा तांबडा झाला तेव्हा ती हळकुंडं निवडत होती. मोबाइलवर खाली तपासणीची तारीखही आली होती. रोहिणीची आई छातीच्या कर्करोगानं गेली होती, आणि शेवटचे महिने तिचं सगळं रोहिणीनंच केलं होतं. तिनं रडत मोबाइल धाकट्या जावेपुढं, सायलीपुढं धरला. दोघी एकाच घरात, एकाच कारखान्यात. भांडणंही दोघींची एकत्रच.

"रडतीस काय अक्का?" सायली म्हणाली. "सूजच आहे म्हणतंय ना? मग सुजेवर आपण काय लावतो?"

ह्या बायकांना हे विचारायचं म्हणजे कमालच! पाय मुरगळला, हळद. दाढ सुजली, हळद. कारखान्याच्या भिंतीवर मालकानं 'हळद दाह कमी करते' असं हातभर अक्षरांत रंगवून ठेवलेलं. सायलीनं उत्तम हळकुंडांची पूड घेतली, साईत कालवली आणि रोज संध्याकाळी आपल्या हातानं जावेच्या छातीवर लेप द्यायला लागली. माया होती ती, दुसरं काही नाही.

आणि दिवा उतरला की! आधी केशरी, मग हिरवा. मोबाइल म्हणाला, धोका कमी झाला आहे, तपासणीची गरज नाही, अभिनंदन. तारीख आपोआप रद्द. सायलीनं कारखान्यात पेढे वाटले. मग काय, दिवा तांबडा असो नसो, जिनं तिनं लेप लावायला सुरुवात केली. बघता बघता सगळा कारखाना हिरवागार झाला.

दीडेक वर्षानं अंघोळ करताना रोहिणीच्या काखेत गाठ लागली. तिनं मोबाइल बघितला. हिरवा. मोबाइल हिरवा म्हणतोय म्हणून तिनं आणखी दोन महिने घालवले. राग येतो ना? पण काढायचा कुणावर?

शेवटी पाठ दुखून उठवेना तेव्हा ती शहरातल्या दवाखान्यात गेली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर मुजावरबाईंनी तिला समोर बसवलं.

"रोहिणीताई, छातीवर हे पिवळं कसलं?"

"हळद आहे मॅडम. जाऊ लावते. त्यानंच तर दिवा हिरवा झाला."

डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांच्या मनगटावर सकाळीच गांधीलमाशी चावली होती, चांगलं टरारून सुजलं होतं. त्यांनी रोहिणीची पट्टी मागून घेतली आणि मनगटावर दाबली. मोबाइलवर तांबडा दिवा लागला. मग रोहिणीनं लेपासाठी पिशवीत ठेवलेल्या पुडीतली चिमूटभर हळद पाण्यात कालवून त्यांनी सुजेवर चोळली, पुसली आणि पट्टी परत ठेवली.

हिरवा.

"सूज गेली का माझी?" डॉक्टरांनी मनगट पुढं केलं. सूज जिथल्या तिथं होती. "ही पट्टी आधी कातडीचा रंग ओळखते आणि तेवढा हिशेबातून वजा करते. हळदीचा रंग तिला कुणी शिकवलाच नाही. हळद तिचा प्रकाश गिळते, आणि तिला वाटतं आत काहीच नाही. दिव्यावर फडकं टाकलं म्हणून दिवा विझतो का, ताई?"

रोहिणीनं विचारलं, "आता?"

"यकृतात उतरलंय. मणक्यातपण. औषधं देऊ, दुखणं कमी करू."

"बरं होईल का, ते विचारलं मी."

"नाही, ताई."

"आणि त्या तारखेला आले असते तर?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तेव्हा बहुतेक बरं करता आलं असतं."

रोहिणीनं पदर तोंडावर धरला. डॉक्टर उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. जरा वेळानं रोहिणीनंच विचारलं, "कारखान्यातल्या बाकीच्या बायका? सगळ्या हळद लावतात. त्यांना पाठवू इकडं?"

"पाठवा. पण घट्ट ऊतकाच्या आतलं दाखवणारं मोठं यंत्र आता इथं नाही." डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमच्या भागात सगळ्या जणी हिरव्या दिसल्या. म्हणून सरकारनं गेल्या वर्षी ते दुसऱ्या जिल्ह्याला देऊन टाकलं. आता तिकडं नंबर लावायचा. कधी लागेल ते मलाही सांगता येत नाही."

रिक्षात रोहिणी एकच विचार करत होती, सायलीला कसं सांगायचं? न सांगावं, तर पोरगी रोज लेप लावून निवांत झोपणार. सांगावं, तर ती जन्मभर आपल्याच हातांकडं बघत बसणार. घरी पोचली तेव्हा सायली परातीत हळदच चाळत होती. रोहिणीनं तिचा हात धरला, खाली बसवलं आणि मनगटाच्या सुजेपासून मोठ्या यंत्रापर्यंत सगळं सांगून टाकलं. काही राखून ठेवलं नाही.

सायलीनं हंबरडा फोडला. "मीच लावलं की गं अक्का! माझ्या ह्या हातांनी!"

"तू नसतं लावलंस तर मीच लावलं असतं," रोहिणी म्हणाली. "गप. शहाणी ना तू."

सायली उठली, मोरीत गेली आणि साबण घेऊन छाती घासायला लागली. घासून घासून कातडी लाल झाली, तरी पिवळं निघेना. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात मोबाइल होता, आणि दुसऱ्या हाताची बोटं काखेत घाबरत काहीतरी चाचपत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मग माझं हिरवं खरं का खोटं?"