अकरा नंबरची करंगळी

विश्वास ठेवा, नका ठेवू. त्या टेबलाशी मी उभी होते, तुम्ही नव्हता.

आणि रात्र वगैरे नव्हती, बरं का. शनिवार, आठ नोव्हेंबर, दुपारचे साडेतीन. ऑल्डरबी गावच्या सभागृहाचं स्वयंपाकघर. दिवा चालू, रेडिओ चालू, ओट्यावर माझं अर्धवट खाल्लेलं चीज सँडविच. भुताला शोभेल असं काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी टॅम्सिन. वय पंधरा. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलाही लाजायचे. यंदा मी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला शिकले आणि एकदम वाघीण झाले. सहा घंटा, सहा दोर. पाचवा दोर आमच्या आजोबांचा होता, एक्केचाळीस वर्षं. मग त्यांचे खांदे गेले. युद्धात गेलेल्यांच्या स्मरण-रविवारी, म्हणजे त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, तो दोर पहिल्यांदा माझ्या हातात येणार होता.

"टॅमी, दोराचं टोक डाव्या हातात ठेव. बोटाला गुंडाळू नकोस," आजोबांनी शंभरदा सांगितलं होतं. "घंटा अर्ध्या टनाची आहे. ती बोट घेऊन वर जाते आणि परत देत नाही."

गावाने कितीही तक्रारी केल्या तरी चर्चमागच्या शेतात बेचाळीस घरं होणार आहेत. पाया खणायच्या आधी जमिनीत काय आहे ते बघावं लागतं, म्हणून खोदकामवाले आले. चर्चच्या भिंतीबाहेर, जिथे कुणीच नसायला हवं होतं, तिथे एकोणीस माणसं सापडली.

"जिवंतांच्या तक्रारींना भीक घातली नाही," आजोबा खूश होऊन म्हणाले, "आता मेलेल्यांची तक्रार ऐका म्हणावं!"

पण काम थांबलं नाही. रीतसर परवानगी काढून हाडं उचलायची, धुवायची, मोजायची, आणि वसंतात चर्चच्या आवारात परत पुरायची, असं ठरलं. धुवायला गावातली माणसं हवी होती. मी पहिली!

खोदकामवाल्यांची मुख्य गेनॉर. चिखलाचे बूट, सतत चहा.

"नियम एकच, बदके," ती पहिल्या दिवशी म्हणाली. लाडाने ती सगळ्यांनाच बदक म्हणते. "टेबलावर एका वेळी एकच माणूस. डावा हात वेगळा, उजवा हात वेगळा. एक संपला, ट्रेमध्ये गेला, चिठ्ठी लागली, की मग दुसरा."

"आणि दोन एकदम घेतले तर?"

"तर तुला मी त्या शेतात पुरीन. विसावी."

त्या शनिवारी शेवटच्या दोन पिशव्या उरल्या होत्या. सात नंबरचा डावा हात, हाडं सत्तावीस. अकरा नंबरचा डावा हात, हाडं चोवीस. अकराला करंगळी नव्हती. गेनॉरने माती तीनदा चाळली होती.

"जिवंतपणीच गेली असणार बिचाऱ्याची," ती म्हणाली होती.

साडेतीनला ती खड्ड्यांवर प्लास्टिक टाकायला शेतात गेली. मला साडेचारला मनोऱ्यात पोचायचं होतं. शोकाचा आवाज यावा म्हणून आदल्या दिवशी घंटांच्या लोलकांना चामडं बांधतात, एकाच बाजूला. म्हणजे एक ठोका मोठा, पुढचा दबका. मला ते बघायचंच होतं.

म्हणून मी दोन्ही पिशव्या एकाच टबात ओतल्या.

हो. मीच. टबात दोघांच्या चाळण्या वेगळ्या होत्या, म्हटलं काय होतंय?

टूथब्रशने घासत होते. खर्र... खर्र... खर्र...

रेडिओवरचं गाणं संपलं.

मी ब्रश खाली ठेवला.

खर्र... खर्र...

आवाज थांबला नाही.

मी रेडिओ बंद केला. तेव्हा थांबला. रेडिओचाच असेल, असं मी मोठ्याने म्हटलं. कुणाला, माहीत नाही.

मग ट्रेकडे बघितलं...

धुतलेली हाडं मी तिथे नुसती दोन ढिगांत टाकली होती. सातची ढिगातच होती. अकराची मात्र मांडलेली होती. तळवा वर. बोटं सुटी सुटी, टोकापर्यंत नीट.

पाच बोटं.

मी मोजली. सत्तावीस. सातच्या ढिगात चोवीस.

किंचाळायला हवं होतं ना? नाही किंचाळले. आत सगळं थंड, सपाट होऊन गेलं. करंगळीची तीन हाडं मी उचलली, सातमध्ये ठेवली. नळ बंद करायला वळले. परत बघते तो...

अकरामध्ये.

पुन्हा उचलली. या वेळी नजर हलवली नाही. फक्त पापणी लवली.

अकरामध्ये.

तिसऱ्यांदा मी हात लावला नाही. चिठ्ठ्या लिहिल्या. सात: चोवीस. अकरा: सत्तावीस. माझ्या सुंदर अक्षरात. मग हात पुसले.

तेव्हा कळलं की माझ्या डाव्या करंगळीला टॉवेलचा स्पर्शच होत नाहीये.

पाणी गार होतं, म्हणून असेल. असं मी रात्रभर म्हणत राहिले. सकाळी आईने चहाचा कप दिला. चार बोटांना चटका बसला.

रविवारी सगळ्यांच्या कोटावर स्मरणाचं लाल फूल, कागदी पॉपी. आजोबा जिना चढून वर आले, धापा टाकत, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

"चुकलीस तरी चालेल गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे म्हणत होते, अजिबात चालणार नाही.

दोर हातात घेतला. टोक डाव्या हातात. करंगळीत काही नाही. दोर आहे की नाही, तेही नाही. वाटलं, सुटणार. घंटा उलटणार, दोर चाबकासारखा उडणार, आणि आजोबांसमोर सगळं संपणार.

मोठा ठोका.

दबका ठोका...

दोर सुटला नाही. मी धरला नव्हता, तरी.

मोठा. दबका... प्रत्येक दबक्या ठोक्याला डाव्या हाताची पकड आपोआप घट्ट व्हायची. इतकी ताकद माझ्यात नाही. वीस मिनिटं. एकही चूक नाही. आनंद व्हायला हवा होता. मी फक्त ठोके मोजत होते.

खाली आल्यावर आजोबांनी मला जवळ घेतलं. ते रडत होते.

"अगदी पिढ्यान्पिढ्या वाजवल्यासारखं वाजवलंस," ते म्हणाले. मग माझा हात उलटा करून बघितला. "पण करंगळी अशी वर का काढली होतीस? जणू नाहीच आहे."

तळव्यावर दोराचे वळ होते. चार.

सोमवारी गेनॉर वही आणि चिठ्ठ्या घेऊन बसली होती.

"टॅमी, करंगळी अकराला नव्हती ना? माझ्या वहीत तसं आहे. चिठ्ठीवर उलटं कसं?"

"सातला नव्हती," मी म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"असं? पावसात लिहिलं होतं मी. म्हातारी झाले गं." तिने वहीतलं खोडलं.

डॉक्टर म्हणतात, बोट ठणठणीत आहे. परवा शाळेत दारात चेपलं. मैत्रीण किंचाळली म्हणून मला कळलं. नख काळं पडलंय. दर मंगळवारी सरावाला जाते. दोर कधीच चुकत नाही. "पोरीच्या हातातच आहे," सगळे म्हणतात.

हाडांची खोकी सभागृहात आहेत. वसंताला अजून वेळ आहे. गेनॉरला खरं सांगायला हवं, मला माहीत आहे. त्या सातचा काय दोष?

तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. तीनदा परत आले.

कारण सांगितलं, तर ती तीन हाडं सातकडे परत जातील.

आणि मग... अकराला करंगळी कुणाची मिळेल?