टेपचं दुसरं टोक

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेली आहे आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या आईला सांगणारी तीच होती.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेचार वाजले होते. ओहोटीची वेळ. जागा, दीपगृहाच्या पायथ्याचा खडकाळ किनारा.

तिथवर कड्यावरून पायवाट जाते. तासाभराची चाल, एका बाजूला खाली समुद्र, दुसऱ्या बाजूला वाऱ्यानं वाकलेलं गवत. लोक लांबून फोटो काढायला येतात. पायऱ्या उतरल्या की राखीव समुद्र सुरू होतो. तिथला शिंपलासुद्धा उचलायला बंदी आहे.

ताईची नोकरी तिथली. मोठ्या ओहोटीला खडकांवर लांब टेप टाकायची आणि टेपच्या कडेनं गोगलगायी, शिंपले, खेकडे मोजून वहीत लिहायचे. कामाला दोघं लागतात. एकानं शून्याचं टोक धरून शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, दुसऱ्यानं चकतीवरची टेप उलगडत पाण्यापर्यंत जायचं. लाटांच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. म्हणून टेपला झटके द्यायचे.

एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळं ठीक. तीन म्हणजे परत ये.

त्या दिवशी ताईची जोडीदारीण तापानं पडली होती, म्हणून भाऊजी गेले. जायला नको होतं. भाऊजींना शहरात बढती मिळाली होती आणि ताईला किनारा सोडायचा नव्हता. घरात महिनाभर तेच चालू होतं. त्या सुंदर पायवाटेवर दोघांनी एकदाही समुद्राकडे बघितलं नाही. वाटेत भाऊजी म्हणाले, "समुद्र की मी, एकदाचं ठरव."

ताईनं अबोला धरला.

ताईचा अबोला म्हणजे साधं प्रकरण नाही. एकदा पेनाच्या टोपणावरून ती माझ्याशी अकरा दिवस बोलली नव्हती. पायरीवर तिनं मुकाट्यानं टेपचं टोक भाऊजींच्या हातात दिलं, चकतीचा पट्टा स्वतःच्या मनगटात अडकवला आणि चालू लागली.

साठ मीटरपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं.

मग धुकं उतरलं.

समुद्रावर धुकं नवं नाही. पण हे भिंतीसारखं आलं. पायरी गेली, दीपगृह गेलं, पुढे केलेला हातही दिसेना. टेप एकदम सैल पडली. थोड्या वेळानं पुन्हा ताठ झाली.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज थांबला होता.

एकही लाट नाही. एकही पक्षी नाही. पायाखाली चिरडणाऱ्या शेवाळाचा तेवढा आवाज.

हाक मारली असती तर पोचली असती. पण अबोला तिनंच धरला होता. आधी तोंड उघडायचं म्हणजे हार. ताई मला म्हणाली, त्या एका हट्टापायी जीव जायचा होता माझा.

तेवढ्यात टेपला झटके बसले.

एक... दोन... तीन.

परत ये. नवऱ्याला आज पहिल्यांदा अक्कल सुचली, असं मनात म्हणत ती टेप गुंडाळत परत फिरली. पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीस. टेपवरचे आकडे उतरत होते, म्हणजे पायरी जवळ येत होती.

चाळीसपाशी तिनं मघाशी खेकडे मोजलेला खळगा होता. तो आला नाही.

तीसला गमबुटात पाणी शिरलं.

भरती इतक्यात नव्हती. वेळा तिला तोंडपाठ होत्या. अजून तासभर समुद्र मागेच सरायला हवा होता. तिनं एक झटका दिला. थांब.

उत्तर आलं... दोन झटके. सगळं ठीक.

पंचवीस. पाणी गुडघ्याला लागलं. वीस. मांडीला. आकडे कमी होत होते आणि पाणी वाढत होतं. तरीही ती चालत राहिली, कारण आयुष्यभर तिनं डोळ्यांपेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवला होता.

बाराला ती थांबली.

टेप पुढे जात नव्हती... खाली जात होती. सरळ पाण्यात.

आणि नेमका तेव्हा तिच्या पाठीमागून, लांबून, नवऱ्याचा आवाज आला. "आणि अजून एक सांगून ठेवतो, तुझ्या आईसमोर मला परत कधी..."

ताई आवाजाकडे वळली. तिनं विचारलं, "तू कुठे आहेस?"

"पायरीवर. कुठे असणार?"

"टेप कोणाच्या हातात आहे?"



"तुझ्या," भाऊजी म्हणाले. "मघाशी तूच येऊन घेतलीस ना माझ्या हातातून."

एक झटका बसला.

हा खुणेचा नव्हता. ताई तोंडावर आपटली. पाणी छातीपर्यंत आलं. मनगटातल्या पट्ट्यानं हात खाली, खाली ओढला जात होता. तिनं दुसऱ्या हातानं तो पट्टा ओरबाडून काढला. कातडी सोलून निघाली, तो वण मी पाहिलाय. चकती पाण्यात गेली, बुडबुडासुद्धा आला नाही.

"बोलत राहा," ती ओरडली. "भांड, पण बोलत राहा."

भाऊजी भांडले. लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं त्यांनी, रडत रडत. त्या आवाजाच्या रोखानं ताई चार पायांवर रांगत पायरीपर्यंत आली. पायरीला हात लागला आणि मागे लाटा पुन्हा फुटू लागल्या.

काय घडलं ते भाऊजींनी वर गेल्यावर सांगितलं. धुक्यातून ताई आली, अगदी जवळ. चेहरा नीट दिसला नाही, ओला होता. तिनं त्यांच्या हातातून टोक काढून घेतलं आणि कानाशी म्हणाली, "तू जा. पहिल्या दिवसापासून कंटाळा आलाय मला तुझा."

आवाज ताईचाच.

ते निघालेही होते. अर्ध्या पायऱ्या चढले होते. पण उत्तर न देता आलो हे त्यांना सहन होईना, म्हणून भांडायला परत आले. तेवढ्यावर ताई वाचली.

महिन्याभरात दोघं शहरात राहायला गेले. ताईनं भाऊजींना शपथेवर सांगितलं की ती तसं बोलली नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला. खरंच आहे ते.

पण मला तिनं पुढचं सांगितलं, दार लावून.

ते वाक्य तिचंच होतं. कड्यावरून चालताना तिनं ते मनात जुळवलं होतं, शब्दन् शब्द. काम संपलं की तोंडावर फेकायचं म्हणून. ओठांवर आणलंही नव्हतं.

कोणीतरी ते ऐकलं.

हल्ली ताई रागावली की मनात काही येऊच नये म्हणून मोठ्यानं पाढे म्हणते. परवा मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून सतराचा पाढा चालू होता. भाऊजी बाहेर पेपर धरून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवसाबद्दल हिनं तुला काही वेगळं सांगितलंय का रे?"

मी नाही म्हटलं.

आत पाढा थांबला.