एकवस्तूची शेवटची ऑर्डर

तो पहिल्यांदा काउंटरवर आला तेव्हा त्याच्या शर्टाची एक बाही ओली होती आणि दुसरी कोरडी. बाहेर भुरभुर चालू होती आणि छत्री मोडकी.

"ऑर्डर घ्यायला आलोय," त्याने फोन पुढे केला.

मी नंबर पाहिला, मागच्या फळीवरचं पाकीट काढलं. आत भिंतीला ठोकायची खुंटी. एक. अख्ख्या ऑर्डरमध्ये एकच!

"एवढ्यासाठी आलात?"

"का... एक चालत नाही?"

"चालते हो. पण या एका खुंटीसाठी आमच्या मावशींनी सगळं दुकान पालथं घातलंय."

"मग उद्याही एकच मागवतो," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यांना सवय होईल."

मला हसू आलं. तिथेच फसले मी.

आमचं दुकान घरसामानाचं. लोक घरबसल्या मागवतात, आम्ही वस्तू शोधून, चिठ्ठी लावून काउंटरमागे ठेवतो आणि ते येऊन घेऊन जातात. दोनदा शोधूनही वस्तू मिळाली नाही, तर हातातल्या यंत्रावर 'सापडलं नाही' दाबायचं. ऑर्डर आपोआप रद्द होते, गिऱ्हाइकाला माफीचा संदेश जातो. बस, एवढंच काम. यात कुणाचं वाटोळं होईल असं वाटतं का तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच एक कप मागवला. मग एक चमचा. मग एक उशी. मावशींनी, म्हणजे माझ्याबरोबर काउंटर सांभाळणाऱ्या आमच्या सगळ्यांच्या मावशींनी, त्याचं नावच 'एकवस्तू' ठेवलं.

"आला बघ तुझा एकवस्तू," त्या कोपराने ढोसायच्या. "केस नीट कर जरा."

"माझा काय म्हणून, मावशी?"

"बरं, माझा. मग मी देते पाकीट. दे इकडे."

मी पाकीट सोडायचे नाही.

ऑर्डरखाली दुकानासाठी सूचना लिहायची जागा असते. लोक तिथे फक्त 'लवकर द्या' लिहितात, त्यामुळे ती कुणी उघडतच नाही. मी मात्र त्याची उघडायचे. 'कपाचा रंग तुम्हीच ठरवा, माझी निवड भिकार आहे.' 'उशी मऊ द्या, दिवसभर उन्हात रस्ते मोजतो.' रस्त्यांची मोजणी करायचं काम होतं त्याचं. एका कंपनीने चार महिन्यांसाठी पाठवलेला, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहणारा. लिहिताना केवढा धीट! आणि समोर आला की कानाच्या पाळ्या लाल.

त्या गुरुवारी तो पाकीट घेऊनही घुटमळला. समोरच्या फळीवर हिरव्या काचेचा एक टेबलावरचा दिवा होता, त्याकडे बघत होता.

"छान आहे," तो म्हणाला.

"मग घ्या की. एकच उरलाय. तुमच्यासाठीच बनवलाय जणू."

"शनिवारी मागवीन... बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे... राहणाऱ्या माणसाने दिवा घ्यावा. जाणाऱ्याने कशाला?"

"जाणार आहात?"

"तेच अजून ठरत नाहीये," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उगाच सरळ करत बसले. बोलायचं होतं तेव्हा चिठ्ठ्या! एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कुणाला आवरत नाही.

तो गेल्यावर मी काय केलं ऐका. दिवा फळीवरून काढला आणि काउंटरखालच्या कपाटात, कागदाच्या गुंडाळ्यांमागे लपवून ठेवला. दुसऱ्या कुणी उचलला तर? शनिवारी त्याची ऑर्डर आली की ऐटीत बाहेर काढायचा, असं ठरवलं. मावशींनाही सांगितलं नाही. चिडवून जीव खाल्ला असता त्यांनी.

शनिवारी माझी दुपारची पाळी. दोनला पोचले, तर मावशी चेहरा पाडून उभ्या.

"अगं, तुझ्या एकवस्तूची ऑर्डर आली होती सकाळी. हिरवा दिवा. यंत्र म्हणतं एक आहे, फळीवर तर नाही. दोनदा शोधला गं, गोदामातही बघून आले. शेवटी दाबलं बाई... सापडलं नाही."

मी यंत्र ओढूनच घेतलं. रद्द झालेल्या ऑर्डरी. त्याची ऑर्डर. खाली सूचना, कुणीही न उघडलेली.

'माझं काम संपलं. दीडच्या गाडीने जायचंय. पण इथलंच पुढचं काम मिळतंय, तुम्ही राहा म्हणालात तर घेईन. तोंडाने विचारायला धीर होत नाही, हसू नका. हो असेल तर दिवा काढून ठेवा, मी घ्यायला येतो. नाही असेल तर ऑर्डर रद्द करा. मी समजून जाईन, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.'

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याला संदेश गेला होता. 'क्षमस्व. आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.'

मी दिवा कपाटातून काढला. मावशींनी तो बघितला आणि मटकन स्टुलावर बसल्या. "अगं, मला एका शब्दाने सांगायचंस..."

मी दिवा उराशी धरून धावत सुटले. गाडी गेली हे कळत होतं, तरी धावले. सायकलवाला चाकात हवा भरत होता. "गेला की तो. बाराला बॅग घेऊन उतरला. नंबर? छे हो. खोली कंपनीची, माणसं येतात-जातात." कंपनीचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. दुकानात परतून मॅनेजर मॅडमच्या हातापाया पडले. ऑर्डर पुरी झाली किंवा रद्द झाली की यंत्र गिऱ्हाइकाचा नंबर पुसून टाकतं, त्यांनी तरी कुठून आणायचा?

रविवारी मी जेवले नाही. आईने विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणाले.

सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी आमची उभ्याउभ्या मीटिंग असते. मॅडम आठवड्याचे अभिप्राय वाचतात. त्या दिवशी खुशीत होत्या.

"ऐका! रद्द झालेल्या ऑर्डरला पाच तारे. असं आजवर झालेलं नाही. लिहिलंय, 'उत्तर वेळेवर आणि स्पष्ट मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी कधी खोटी आशा लावली नाही. माझ्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालं असेल तर माफी असावी. त्यांचं भलं होवो.' याला म्हणतात सेवा! टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी सोडून.

"काय विचारलं होतं गं त्याने?" मॅडम माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांना सांग."

"दिवा आहे का, असं विचारलं होतं."

"मग?"

"होता, मॅडम," मी म्हणाले. "मीच लपवून ठेवला होता... त्याच्यासाठी."

पुढे बोलायला गेले आणि सगळ्यांसमोर रडू फुटलं. मावशींनी मला जवळ घेतलं, आणि दाराबाहेर पहिलं गिऱ्हाईक फोन हातात धरून काचेवर टकटक करत होतं.