पूर्ण बाह्यांचा गोरक्ष

स्नेहलचं प्रेम सुरू झालं ते कोपरात. उजव्या कोपरात.

कॉलेज रोडवर चंदरशेठचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथं कपडे बदलायच्या पडद्यामागे स्नेहलचा हात काळ्या रबरी वेटसूटच्या बाहीत कोपरापर्यंत शिरला आणि रुसून बसला. पुढं जाईना, मागं येईना. रविवारी गंगापूर धरणावर ट्रायथलॉन – आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. डिसेंबरातलं पाणी अंगाला चावतं, म्हणून चंदरशेठनं एकाच मापाचे दोन वेटसूट भाड्यानं द्यायला आणले होते. एक स्लीव्हलेस, एक पूर्ण बाह्यांचा.

स्नेहलला हवा होता स्लीव्हलेस. खांदे मोकळे असले की ती पाण्यात अशी सुटायची... पोरींमध्ये पाण्यातून पहिली बाहेर येणार, हे तिनं कॉलेजभर सांगूनही ठेवलं होतं. पण 'स्लीव्हलेस' एवढं कानावर पडताच आईनं पोळी लाटता लाटता निकाल दिला होता. पूर्ण बाह्या, नाहीतर रविवारी घरी बसून मटार सोल. वर स्वतः डबा घेऊन धरणावर येणार होती, म्हणजे लपवाछपवीचीही सोय नाही.

"ताई, पिशवी देऊ का?" पडद्याबाहेरून आवाज आला.

"कशाला? उलटी नाही होत मला."

"हाताला घाला. मग बाही सर्रकन चढंल."

पडद्याखालून द्राक्षं भरायची प्लास्टिकची पिशवी आत आली. स्नेहलनं ती हातावर चढवली, आणि बाही खरंच अलगद सरकली. ती बाहेर आली. समोर काटकुळा, कानांनी जरा पुढारलेला मुलगा. पिंपळगाव बसवंतचा गोरक्ष. घरी द्राक्षांचं पॅकिंग, त्यामुळं खिशात रुमाल नसला तरी पिशव्या असायच्याच. तोही रविवारच्याच शर्यतीत होता, आणि त्याला हवा होता नेमका तिच्या अंगावरचा सूट. बाह्यांच्या रबरानं माणूस जास्त तरंगतो, आणि तरंगणं हीच गोरक्षची अडचण होती.

"विहिरीत शिकलोय मी," तो म्हणाला. "उडी लय भारी मारतो. पुढचं जरा... बेताचं हाय."

स्नेहल हसली. मग आपण हसलो म्हणून लाजली. मग हा आपल्याला ताई म्हणाला, हे आठवून चिडली. सगळं एकाच दमात.

उरलेला स्लीव्हलेस त्यानं घेतला. मग रोज सकाळी त्याचा मिस्ड कॉल आला की ती सायकल काढून धरणावर. ती त्याला पाय वर ठेवायला शिकवायची, पाय शहाण्यासारखे तळ गाठायला निघायचे. आणि शर्यतीत ठरल्या वेळेत तो पाण्याबाहेर आला नाही, तर त्याला सायकलला हातही लावू देणार नव्हते. तिकडं तिचे खांदे बाह्यांनी आवळून भरून यायचे. सूट बदलून घेऊ, असं दोघांच्याही ओठांवर यायचं – आणि आईपाशी येऊन थांबायचं.

शनिवारी संध्याकाळी घरची बेल वाजली. दारात गोरक्ष. त्यानं जर्किन काढलं. आत स्लीव्हलेस वेटसूट. पिंपळगावहून तो मोटरसायकलवर तसाच आला होता.

"मावशी, याला स्लीव्हलेस म्हणतात," तो आईला म्हणाला. "मानेपासून घोट्यापर्यंत सगळं बंद. ताईंना हाच लागतो."

आईनं चष्मा लावला. त्याच्याभोवती एक फेरी मारली. स्नेहलनं डोळे मिटून घेतले.

"हिचं राहू दे बाजूला," आई शेवटी म्हणाली. "तुझ्या दंडांच्या काड्या झाल्यात, त्या आधी झाक. पूर्ण बाह्यांचा तू घाल. स्नेहल, तो दे याला. आणि चहा टाक."

रविवारी स्नेहल पोरींमध्ये पहिली बाहेर आली. समोर सायकल उभी होती. पण ती जागची हलेना... पोहणाऱ्यांची एकेक टोपी काठाला लागत होती, गोरक्षची सोडून. शेवटची शिट्टी वाजायच्या बेतात असताना, पाण्याशी भांडण झाल्यासारखा हातपाय झाडत तो आला.

"तुम्ही अजून इथंच?" त्याला धाप लागली होती. "जा ना, ता –"

"ता?"

"...स्नेहल."

त्यानं गडबडीनं बाही ओढली. कोपरात अडकली. स्नेहलनं दोन्ही हातांनी धरून खेचली. बाही निघाली. त्याचा हात मात्र तिच्या हातातच राहिला.

"पिशवी आणू का?" तिनं विचारलं.

"नको," तो हळूच म्हणाला. "हा सुटला नाय तरी चालंल मला."

स्नेहलचा शर्यतीत शेवटून दुसरा नंबर आला. शेवटचा गोरक्षचा.

"पाण्यातून तर पहिली आलीस," आई झाडाखाली डबा उघडत म्हणाली. "मग काठावर इतका वेळ काय करत होतीस?"

"बाही अडकली होती गं."

आईनं फांदीवर वाळत टाकलेल्या स्लीव्हलेस सूटकडं पाहिलं. मग गोरक्षकडं. त्याचे कान लालबुंद.

"तुझ्या सूटला बाही होती कुठं?" ती म्हणाली, आणि गोरक्षच्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली.