महिन्याचा शेवटचा शनिवार

वळणावर गाडी अडवली ती रुगेमाने. खांद्यावर कुदळ, पायांत गमबूट आणि चेहऱ्यावर इतकी अदब, की गाडी चालवणाऱ्या किपलागतला वाटलं, हा बिचारा पत्ता विचारतोय.

"नमस्कार," रुगेमा खिडकीशी वाकून म्हणाला. "कुठे निघालात?"

"तळ्यावर! नावेत बसायला," किपलागत म्हणाला.

"आज?"

शेजारच्या सीटवर अपोंदी ओठांना लिपस्टिक लावत होती. तिचा हात तसाच थांबला. अरे देवा... महिन्याचा शेवटचा शनिवार! उमुगांडा!

किगालीत राहणाऱ्या माणसाने सगळं विसरावं, पण हे विसरू नये. या सकाळी मंत्र्यापासून चांभारापर्यंत सगळं शहर आपापल्या वस्तीसाठी राबायला बाहेर पडतं, आणि काम संपून सभा होईपर्यंत रस्त्यावर चाक फिरत नाही. दोन वर्षांत अपोंदीचा एकही शनिवार चुकला नव्हता. पण काल संध्याकाळी नैरोबीहून कॉलेजचे हे दोस्त येऊन थडकले, गप्पांना ऊत आला, आणि तिच्या डोक्यातून हे साफ उडालं.

रुगेमाने आधी किपलागतकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग लिपस्टिककडे. मागच्या सीटवर किपलागतची बायको वांगुई शाल पांघरून गाढ झोपली होती. ती त्याला दिसलीच नाही.

"पाहुणे आलेत वाटतं," तो म्हणाला.

"हो... म्हणजे..."

"छान." तो एक पाऊल मागे सरला. "जास्तीच्या कुदळी आहेत आमच्याकडे. या."

रुगेमा तिचा शेजारी. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. तो डोंगरातल्या गावांसाठी पायपूल बांधायचा, आणि घरी असला की कुंपणावरून अव्होकॅडो द्यायचा. "झाडाला फार लागलेत," असं म्हणून. त्याच्या झाडाला एकही फळ नव्हतं, हे अपोंदीला तिच्या खिडकीतून रोज दिसत होतं. पण ती काही बोलली नाही. ती चहाच्या कंपनीत चहा चाखण्याचं काम करायची. बदल्यात ती त्याला नव्या चहाचा कप द्यायची. तो घोट घ्यायचा, बराच वेळ कपात बघत राहायचा, आणि शेवटी म्हणायचा, "बरा आहे."

आणि या 'बरा आहे' वर पोरगी जीव ओवाळून बसली होती! किसुमूसारख्या बडबड्या गावची पोर, आणि मन जडलं ते असल्या मुखदुर्बळावर. कंपनी तिला तिच्या देशात, मोंबासाला परत बोलावत होती. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. रुगेमाला तिने हे सांगितलं होतं. त्याने एकदा, फक्त एकदा 'थांब' म्हटलं असतं तर... पण तो तेव्हाही चहाकडेच बघत राहिला होता.

वस्तीच्या वर, उतारावरचा नाला खणायचा होता. रुगेमा पुढे गेला, आणि गाडी तिथेच सोडून तिघंही मागून निघाले. डोळे चोळत, कुरकुरत निघालेली वांगुई चढावर पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली.

समोर टेकडीमागे टेकडी पसरली होती, आणि प्रत्येक टेकडीवर माणसं होती. हजारो माणसं. कुणी खणत होतं, कुणी झाडत होतं, कुणी डोक्यावर माती वाहत होतं. इतकं मोठं शहर, पण एक हॉर्न नाही, एक इंजिन नाही. ऐकू येत होते ते मातीत पडणाऱ्या कुदळींचे आवाज, आणि पार पलीकडच्या टेकडीवरून आलेलं कुणाचं तरी हसू.

"अपोंदी," वांगुई कुजबुजली. तिला कुजबुजता येतं हेच मुळी नवल होतं. "अगं, हे दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"आणि तू हे सोडून यावंस म्हणून मी तुला पटवायला आलेय?"

अपोंदीच्या अंगावर काटा आला. दर वेळी यायचा. परक्या देशात आपण एकटे नाही, असं तिला याच सकाळी वाटायचं, आणि ते इतकं खोलवर वाटायचं की डोळे भरून यायचे.

रुगेमा तिच्या शेजारीच खणत होता. नेहमीसारखाच. फक्त आज तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तुझे पाहुणे... हसरे आहेत," तो म्हणाला.

"किपलागत ना? नुसता वाह्यात आहे."

"गाडी चांगली चालवतात."

"रुगेमा, तू दहा मीटर पाहिलंस त्याचं चालवणं!"

त्याने दोन घाव घातले. मग, "जातेयस ना तू?"

"तू सांग," ती म्हणाली. 

त्याने कुदळ उचलली... तशीच धरली... आणि म्हणाला, "नाला अजून खोल हवा."

अपोंदीने अशी काही माती उडवली, की अर्धी त्याच्या बुटात गेली.

काम संपलं, आणि सगळे निलगिरीच्या सावलीत गवतावर बसले. वस्तीची प्रमुख कायितेसी मावशी. जन्मभर सुइणीचं काम केलेली, त्यामुळे निम्मी वस्ती जन्मल्यावर पहिल्यांदा तिच्याच हातात रडलेली. दिव्यांचं, पाण्याचं बोलून झालं, आणि रिवाजाप्रमाणे तिने विचारलं, "नवीन कोण आलंय? उभे राहा, ओळख सांगा."

वांगुई ताडकन उठली. "आम्ही अपोंदीला घरी न्यायला आलोय!"

मावशीचे डोळे लकाकले. "न्यायला? म्हणजे मागणी घालायला! आणि असे हात हलवत? आमची पोर न्यायची तर गाई आणाव्या लागतात."

गवतावर खसखस पिकली. किपलागतला एवढंच हवं होतं. तो छाती काढून उभा राहिला. "गाई आणल्यात मावशी! सीमेवर अडकल्यात. त्यांचे पासपोर्ट तपासतायत."

"किती आहेत?"

"बारा! आणि शिंगं ही एवढी!" त्याने हात पसरले, ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या टोपीला लागले.

"उशीर केलास रे जावईबापू," मावशी उसासा टाकून म्हणाली. "आमची मुलगी दिलेली आहे."

या देशात मागणीच्या प्रत्येक बैठकीत मुलीकडचा वडीलधारा हेच खोटं गंभीर चेहऱ्याने बोलतो. सगळ्यांना माहीत असतं. सगळे हसले.

"कुणाला दिलीत?" किपलागत कपाळावर हात मारून ओरडला. "समोर तरी आणा त्याला!"

"हो तर! कोण आहे रे तो? उभा राहा बघू."

हसणं चालूच होतं. मग एका टोकाकडून ते विरत गेलं. रुगेमा उभा राहिला होता.

गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कुदळ. "मी," तो म्हणाला.

दोनचार जण पुन्हा हसले. तो हसला नाही.

"मला गाय देणाऱ्याची शपथ, मी."

इथे गाय देणारा म्हणजे जन्माचा सोयरा, त्यामुळे ही शपथ थट्टेत कुणी घेत नाही. हसणारे एकदम सावरून बसले. अपोंदी मान उंचावून बघू लागली. हा... हा बोलतोय? एवढ्या माणसांत?

"बारा गाई नाहीत माझ्याकडे," तो किपलागतला म्हणाला. "एकच आहे, गावाला आईकडे. ती पण लाथा मारते. तुम्ही चांगले आहात. पण मी रोज ठरवतो, आज हिच्याशी बोलीन... आणि मग चहा संपतो. आज नाही बोललो तर ती जाईल."

"अहो भाऊ!" वांगुईने किपलागतचा कान धरून त्याला खाली बसवलं. "हा माझा नवरा आहे! चार वर्षं सोसतेय मी याला!"

असा हशा उसळला की निलगिरीवरचे कावळे उडाले. रुगेमाने वांगुईकडे पाहिलं, तिच्या चिमटीतल्या किपलागतच्या कानाकडे पाहिलं, आणि सगळा घोळ त्याच्या ध्यानात आला.

"बस रे बाळा," मावशी हळुवारपणे म्हणाली. "थट्टा चालली होती."

आता हा बसणार, अपोंदीला वाटलं. मान खाली घालून बसणार, आणि उद्या कुंपणावरून पुन्हा एक अव्होकॅडो...

"तुमची असेल, मावशी," रुगेमा म्हणाला. "माझी नव्हती."

अपोंदी उठली. तिच्यासाठी माणसं बाजूला सरकत गेली. कुणी तिच्या पाठीला हात लावला, एका म्हातारीने जाता जाता तिच्या गालावरची माती पुसली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या जवळून तिने त्याचे डोळे कधी पाहिलेच नव्हते. मध्ये नेहमी कुंपण असायचं.

"सोमवारी मोंबासाला 'येत नाही' म्हणून कळवायचंय," ती म्हणाली. "कारण काय सांगू?"

रुगेमाने आजूबाजूला पाहिलं. सगळी वस्ती कुदळी मांडीवर घेऊन, कान टवकारून बसली होती. तो हसला. मोकळा, दात दिसतील असा.

"सांग," तो म्हणाला, "घरचे सोडत नाहीत."