तुटलेली तार

चंद्रावर दार आपटता येत नाही. हवा कोंडून धरणारी तिथली दारं आपल्या मर्जीनं, लांबलचक सुस्कारा सोडत मिटतात, त्यामुळे रागीट माणसाची मोठी पंचाईत होते. चित्रकोशाच्या प्रयोगशाळेत शिरल्यावर मार्तंड खांडेपारकरांनी म्हणूनच टेबलावर हात आपटला, आणि चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकीच असल्यानं स्वतःच हातभर वर उडाले.

"खाली या, मार्तंडराव," डॉ. प्रमिला सोहोनी शांतपणे म्हणाल्या. "मग भांडा."

"भांडायला नाही, चोर पकडायला आलोय. ती काय, बसलीय समोरच!"

समोर अनसूया घांगुर्डे बसल्या होत्या. उठल्या नाहीत. "उतरलात का?" एवढंच म्हणाल्या.

आता हा चित्रकोश म्हणजे काय, तर चंद्राच्या पोटात लाव्ह्यानं कोरलेली एक थंडगार गुहा. माणसांनी काढलेले चित्रपट हजारो वर्षं टिकावेत म्हणून तिथे ठेवतात. जागा बेताची, म्हणून नियम कडक: एका कथेचा एकच चित्रपट, आणि नक्कल तर अजिबात नाही. नक्कल ठरली की पुसली. चंद्रावर काढलेल्या चित्रपटांची दुसरी प्रत कुठेच नसे. इथून गेला तो गेलाच.

वाद होता ग्रीकांच्या एका जुन्या दंतकथेचा. साप चावून मेलेल्या बायकोला आणायला एक गवई पाताळात जातो. त्याचं गाणं ऐकून पाताळाचा राजा विरघळतो आणि म्हणतो, घेऊन जा, पण उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहू नकोस. गवई पाहतो. बायको कायमची जाते.

जगभरची रूपांतरं चाळणीतून जाऊन दोन उरली होती. एक मार्तंडरावांचं, भव्य, सोन्यानं मढवलेलं. दुसरं अनसूयाबाईंचं, दोन वर्षांनी आलेलं, लहानसं. त्यांच्या आयुष्यातलं ते एकमेव चित्र. याआधीच्या त्यांच्या सगळ्या पटकथा वसाहतीच्या पटकथा मंडळानं नाकारल्या होत्या, आणि मंडळाचे अध्यक्ष होते मार्तंडराव. त्यांच्या सहीवाचून चंद्रावर कॅमेरा सुरू होत नसे. ही पटकथाही त्यांनी चार वर्षं दाबून ठेवली होती.

"माझं आधी, तिचं नंतर," मार्तंडराव म्हणाले. "शेंबड्या पोरालाही कळेल चोर कोण ते. लावा तुमचं यंत्र."

यंत्राचं नाव चूकवंशमापक. दिसायला पिठाच्या डब्याएवढं, पण तोंडाचं फटकळ.

"हे यंत्र दोन चित्रांतलं साम्य मोजत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परीक्षेत दोघांची उत्तरं बरोबर आली, तर कुणी कुणाचं पाहिलं हे सांगता येत नाही. दोघांची एकच विचित्र चूक असेल, तर मात्र सांगता येतं. बरोबर गोष्टी साक्ष देत नाहीत, चुका देतात."

"आणि सगळ्या वर्गानंच ती चूक केली असेल तर?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"तर ती गुरुजींची. एकट्यादुकट्याला चोर म्हणता येत नाही."

"चूक सापडली, पण कुणी कुणाची घेतली?" मार्तंडराव गुरगुरले. "तारखेवरून ना?"

"तारीख खोटं बोलते. आम्ही व्रण पाहतो. एका अंगावर जखम दिसते, मग तिचा व्रण. दुसऱ्या अंगावर नुसताच व्रण, जखम कधी झालीच नाही. तर दुसरं अंग पहिल्याची नक्कल. सही करा, दोघंही. निकाल बांधील राहील."

मार्तंडरावांनी इतक्या जोरात सही केली की पुन्हा थोडे उडाले.

यंत्रानं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. गवयाच्या हातात ग्रीकांची ती छोटी वीणा. पहिल्या दृश्यात तिला सात तारा, दोन्हीकडे. पाताळातून परतताना सहा, दोन्हीकडे.

"पाहा!" मार्तंडराव ओरडले. "माझी चूकसुद्धा उचलली! अगं, निदान तारा तरी मोजायच्यास!"

"मोजल्यात मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "मधलं दृश्य लावा."

अनसूयाबाईंच्या चित्रात गवई राजापुढे गात होता. तान चढली आणि एक तार तुटून त्याच्या गालावर बसली. तो थांबला नाही. उरलेल्या सहा तारांवर, गालावरून रक्त ओघळत असताना गात राहिला. राजाचे डोळे भरून आले ते तेव्हा.

मार्तंडरावांच्या चित्रात त्या जागी नाचणाऱ्या पिशाच्चांचा भलामोठा ताफा होता. तार तुटतच नव्हती. नाच संपला, आणि गवयाच्या हातात सहा तारांची वीणा आली.

"व्रण आहे, जखम नाही," यंत्र म्हणालं. "खांडेपारकर: नक्कल."

"मधलं दृश्य काढून नाच घातलात," अनसूयाबाई म्हणाल्या, "पण पुढची पानं तशीच वापरलीत. चोरी करायलाही, खांडेपारकर, शेवटपर्यंत वाचावं लागतं."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. असा माणूस बुडताना दुसऱ्याचा पाय धरतो.

"थांबा! तिच्या चित्रातले व्रण नाही शोधलेत? तिचा गवई एकटा परत येतो आणि घरात शिरण्याआधी पायांवर पाणी घेतो. का? चित्रात कारण आहे कुठे? ग्रीक कथेत आहे?"

यंत्र घरघरलं. "कारण नाही. व्रण आहे, जखम नाही. घांगुर्डे: नक्कल."

"माझ्याही चित्रात ते पाणी आहे, असू दे! पुसा, दोन्ही पुसा!" मार्तंडराव आनंदानं किंचाळले. "माझं राहत नसेल तर हिचं का राहावं?"

अनसूयाबाई पहिल्यांदाच उठल्या. "ते मी कुणाचं घेतलं नाही. ते… आपोआप लिहिलं गेलं."

"सगळे चोर हेच म्हणतात!"

डॉक्टरीणबाईंनी यंत्राला आज्ञा दिली, "मूळ शोध. चित्रपटांत नसेल तर वसाहतीत जिथे जिथे कॅमेरा आहे तिथे शोध."

यंत्रानं बराच वेळ घेतला. मग पडद्यावर आली ती प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची बोळ, त्याच सकाळची. वसाहतीतले म्हातारे यंत्रजोडारी बापू ठोंबरे आदल्या दिवशी वारले होते. चंद्रावर ना जाळतात ना नदी असते. देह बागेच्या मातीत देतात. तो देऊन लोक परतत होते. पाणी तोलून मिळतं, म्हणून दारात एका वाटीत ओला बोळा ठेवला होता. येणारा प्रत्येकजण चपला काढून त्यावर टाच टेकवत होता. अनसूयाबाईंनी टेकवली. डॉक्टरीणबाईंनी टेकवली. त्यांच्यामागून मार्तंडरावांनी टेकवली, दोन्ही पायांची, अगदी मनापासून.

"स्मशान नाही, धूर नाही, नदी नाही," यंत्र म्हणालं. "व्रण आहेत, जखम नाही. या खोलीतली तिन्ही माणसं नक्कल आहेत. पुसावीत का?"

"गप बस मेल्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मार्तंडरावांकडे वळल्या. "ऐकलंत ना? पाण्याची चूक सगळ्या वर्गाची आहे. तुमची, माझी, यांचीही. ज्या गुरुजींनी शिकवली त्यांना मरून युगं लोटली. तेव्हा पाणी साक्ष देत नाही. तार मात्र एकाच हातात तुटली."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावरचा सोन्यानं मढवलेला राजा, त्याची पिशाच्चं, सहा तारांची ती अनाथ वीणा, सगळं एका कडेनं पांढरं होत गेलं.

मार्तंडराव पाहत राहिले. मग अनसूयाबाईंकडे बोट रोखून म्हणाले, "तुझं चित्र हजार वर्षं टिको, आणि ते पाहायला एक माणूस न उरो! तुझं तोंड नाही पाहणार. या भोकात पाय नाही ठेवणार. पृथ्वीवर जाईन, तिथे मरेन, पण पुन्हा चंद्राचं नाव काढणार नाही!"

"मंडळाचा शिक्का ठेवून जा," अनसूयाबाई म्हणाल्या.

शिक्का टेबलावर आदळला, उसळला आणि सावकाश खाली आला. मार्तंडराव दाराशी पोचले. दार उघडलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"येतो!" ते दात ओठ खात म्हणाले, आणि गेले.

दार सुस्कारा टाकत, आपल्या वेळेनं मिटलं.

"व्रण आहे," यंत्र म्हणालं.